मनोरा कोल्हापुरात, माणूस कुठे?

प्रति,
मा. सचिव, माहिती व प्रसारण मंत्रालय, नवी दिल्ली,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, प्रसार भारती,
तसेच कोल्हापूर शहरासाठी परवाना घेतलेले सर्व खासगी एफएम प्रसारक

विषय : लहान शहरांतील रेडिओ केंद्रांवर त्या गावातला जागा माणूस असण्याबाबत

स. न. वि. वि.

मी करवीर तालुक्यात पंचगंगेच्या काठावरील एका गावात राहतो, थोडी उसाची शेती करतो आणि चाळीसएक वर्षे रेडिओ ऐकत आलो आहे. मधली काही वर्षे पश्चिम महाराष्ट्रातील एका केंद्रावर मी हंगामी निवेदक होतो. केंद्रातली मंडळी आम्हाला ‘कॅज्युअल’ म्हणत. महिन्याला जास्तीत जास्त सहा ड्युट्या मिळायच्या, आणि त्या सहा ड्युट्यांची वाट मी कारखान्याच्या उसाच्या बिलापेक्षा अधिक आतुरतेने पाहत असे. हे सांगण्याचे कारण एवढेच की, पुढे जे लिहिणार आहे ते रेडिओवरच्या रागातून आलेले नाही. माइकच्या दोन्ही बाजूंना बसलेल्या माणसाचा हा हिशेब आहे.

ऑगस्ट २०१९ मध्ये आमच्या गावात पाणी शिरले. पहिल्याच रात्री वीज गेली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मोबाइल टॉवरच्या बॅटऱ्या संपल्या आणि हातातला फोन विजेरीपुरता उरला. शाळेच्या वरच्या मजल्यावर आम्ही साठ-सत्तर माणसे होतो. त्यांतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी घर सोडताना भांडीकुंडी न घेता पेन्सिल सेलवर चालणारा ट्रान्झिस्टर तेवढा पिशवीत टाकला होता. सून त्यांच्यावर त्यासाठी चिडलेली होती, पण संध्याकाळपर्यंत सगळा मजला त्या ट्रान्झिस्टरभोवती गोळा झाला. आम्हाला चार गोष्टी कळायला हव्या होत्या. राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर आहे, राधानगरीचे किती दरवाजे उघडे आहेत, शिरोलीजवळ महामार्ग बंद आहे की सुरू, आणि बोटी कोणत्या गावाकडे निघाल्या आहेत. काटा फिरवता फिरवता एक वाहिनी लागली. तिच्यावर प्रसन्न आवाजाची एक निवेदिका कोल्हापूरकरांना विचारत होती की, अशा छान पावसात तुम्ही गरमागरम भजी कोणासोबत खाणार आहात.

त्या मुलीला मी दोष देत नाही. तो आवाज आधी केव्हातरी, बहुधा दुसऱ्याच शहरात, ध्वनिमुद्रित करून गाण्यांच्या मध्ये बसवलेला असणार. बोलताना पंचगंगा कुठे पोहोचली आहे हे तिला ठाऊक असण्याचे कारणच नव्हते. त्या क्षणी त्या वाहिनीच्या कोल्हापुरातील खोलीत संगणक चालू होता, जनरेटर चालू होता, मनोऱ्यावरून लहरी व्यवस्थित निघत होत्या, आणि ती यादी थांबवून माइक उघडणारा माणूस मात्र तिथे नव्हता. दुसऱ्या एका केंद्रावर नंतर पाण्याची पातळी वाचली गेली आणि आम्ही ती खडूने फळ्यावर लिहून ठेवली. पुढचे दोन दिवस त्या फळ्यावरचे आकडे हेच आमचे वर्तमानपत्र होते.

आपल्यापैकी जे दिल्लीत किंवा मुंबईत बसतात त्यांना या आकड्यांचे महत्त्व चटकन लक्षात येणार नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. कोल्हापुरात पंचगंगेची पातळी कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. हे दोन आकडे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतात. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण काठोकाठ भरले की पाण्याच्या दाबाने ते आपोआप उघडतात आणि प्रत्येक दरवाजातून १४२८ क्युसेक पाणी बाहेर पडते. त्यामुळे ‘तीन दरवाजे उघडले’ हे एकच वाक्य ऐकले की प्रयाग चिखली आणि आंबेवाडीचा माणूस गोठ्यातली जनावरे सोडायची की रात्र काढायची हे ठरवतो. २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये ही पातळी ५५ फुटांच्याही पुढे गेली, पुणे-बेंगळुरू महामार्ग पाण्याखाली जाऊन बंद पडला, उपसा केंद्रे बुडाल्याने शहराला चहूकडे पाणी असताना प्यायला पाणी मिळेना. अशा वेळी हा आकडा तासाने कळणे आणि सहा तासांनी कळणे यांतले अंतर म्हशींच्या संख्येत मोजावे लागते.

मोबाइलवर आता आपत्तीचे इशारे येतात, ही चांगलीच गोष्ट आहे. पण टॉवर जिवंत असेपर्यंतच ते येतात. आकाशवाणीची ‘न्यूज ऑन एअर’ ही सेवा फोनवर शेकडो केंद्रे ऐकवते, तीही इंटरनेट असेल तरच. पुरात सर्वांत आधी जाते ते नेटवर्क. पुरानंतरच्या आढावा बैठकांत रेडिओचा विषय निघाला की कोणीतरी हसून ‘आता रेडिओ कोण ऐकतो’ असे म्हणतो. त्या गृहस्थांना पुढच्या पुरात शाळेच्या वरच्या मजल्यावर यायचे माझे निमंत्रण आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. रेडिओची फ्रिक्वेन्सी ही कोणाच्या मालकीची वस्तू नाही. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणासंबंधीच्या खटल्यात वायुलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्वाळा दिला. त्या खंडपीठात आपल्या महाराष्ट्राचे न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. पुढे खासगी एफएमची दारे उघडली ती या निकालाच्या पायावर. २००१ मध्ये बेंगळुरूत देशातले पहिले खासगी एफएम केंद्र सुरू झाले आणि खासगी एफएमच्या परवान्यांच्या दुसऱ्या टप्प्यात कोल्हापूरसारख्या शहरांचीही पाळी आली. त्या वेळी इथल्या पुढारी वृत्तपत्र समूहाने ‘टोमॅटो’ नावाची वाहिनी सुरू केली तेव्हा गावाला त्याचे मोठे अप्रूप वाटले होते. गुजरीतल्या सराफापासून महाद्वार रोडवरच्या साडीवाल्यापर्यंत सगळ्यांच्या दुकानात रेडिओ परत आला. रंकाळ्यावर फिरायला आलेला माणूस निवेदकाला ओळखून ‘काल तुम्ही माझं नाव चुकीचं घेतलं’ असे तोंडावर सांगू लागला. अशी तक्रार ही स्थानिक रेडिओला मिळणारी सर्वांत मोठी पावती आहे, असे मी मानतो.

त्यानंतर जे बदलले ते हळूहळू बदलले, म्हणून त्यावर कोणी आवाज उठवला नाही. दुसऱ्या टप्प्याच्या धोरणात एका कंपनीच्या केंद्रांनी एकमेकांचा कार्यक्रम घेण्याची, म्हणजे नेटवर्किंगची, सवलत फक्त लहान शहरांना आणि तीही एकाच विभागापुरती होती. २०११ च्या तिसऱ्या टप्प्याच्या धोरणाने ती कंपनीच्या देशभरातील सर्व केंद्रांसाठी खुली केली. लहान गावातले केंद्र परवडत नाही, तेव्हा खर्च वाटून घेऊ द्या, असा त्यामागचा विचार होता आणि तो सर्वस्वी चुकीचा नव्हता. पण खर्च वाटून घेण्याची सुरुवात रात्रीच्या कार्यक्रमापासून होते, मग दुपार जाते, मग रविवार जातो आणि शेवटी सकाळच्या दोन-तीन तासांपुरता गावातला आवाज उरतो. मोठ्या शहरात चार आवाज कमी झाले तरी दहा उरतात. लोकसंख्येनुसार क वर्गात मोडणाऱ्या कोल्हापूरसारख्या शहराला धोरणाने मुळातच चार खासगी वाहिन्या दिल्या आहेत. त्यांतल्या एकीचा आवाज बाहेरून येऊ लागला तर पाव हिस्सा गेला.

जाहिरातदार इन्स्टाग्रामवर गेला हे मला ठाऊक आहे. लक्ष्मीपुरीतील ज्या व्यापाऱ्यासाठी मी जाहिरातीचा मजकूर लिहून देत असे, त्याचा मुलगा आता स्वतःच्या फोनवर पंधरा सेकंदांची चित्रफीत करतो आणि त्याला रेडिओची गरज उरलेली नाही. सरकारी जाहिरातींचा मूळ दर ऑक्टोबर २०२३ मध्ये दहा सेकंदांना ५२ रुपयांवरून ७४ रुपये झाला, तो आधीच व्हायला हवा होता. हे सगळे मान्य करूनही माझा प्रश्न उरतोच की, कोल्हापूरच्या नावाने दिलेल्या फ्रिक्वेन्सीवर कोल्हापूरचे काय असायला हवे हे परवान्यात कोण लिहिणार.

आता आकाशवाणी चालवणाऱ्या प्रसार भारतीविषयी. इथे माझी तक्रार खासगी वाहिन्यांपेक्षा जास्त आहे, कारण आपलेपणा जास्त आहे. आमच्या घरी सकाळ व्हायची ती १९६३ साली सुरू झालेल्या सांगली केंद्राच्या मध्यमलहरींवर. काटा १२५१ वर इतका रुतून बसलेला असे की वडील तो कोणाला हलवू देत नसत. मध्यमलहरींचा आवाज खरखरत यायचा, पण तो जमिनीला धरून डोंगराआड पोहोचायचा. एफएमचा आवाज स्वच्छ असतो, मात्र तो साधारण नजरेच्या टप्प्यात चालतो. गगनबावडा, आजरा, चंदगड, शाहूवाडीच्या वाड्यावस्त्यांवर मध्ये डोंगर आला की तो संपतो. म्हणून एफएमचे जाळे वाढवायचे तर छोटे छोटे मनोरे बरेच लागतात, आणि ते आपण उभारत आहात हेही मला माहीत आहे. प्रसारणाच्या पायाभूत सोयी वाढवण्याच्या ‘बिंद’ या केंद्र सरकारच्या योजनेला जानेवारी २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. २,५३९ कोटी रुपयांच्या या योजनेचे एक उद्दिष्ट आकाशवाणीचे एफएम ६८ टक्क्यांऐवजी ८० टक्के लोकसंख्येपर्यंत नेणे हे आहे. २८ एप्रिल २०२३ रोजी शंभर वॅटचे ९१ प्रक्षेपक एकाच दिवशी सुरू झाले.

चांगले झाले. पण या छोट्या मनोऱ्यांचे काम दुसरीकडून आलेला कार्यक्रम पुढे पाठवणे एवढेच असते. तिथे स्टुडिओ नसतो, निवेदक नसतो, ड्युटी रूमचा फोन नसतो. आकडा लोकसंख्येपर्यंत पोहोचण्याचा आहे. लोकसंख्येकडून काही परत येण्याची सोय त्या आकड्यात नाही. आणि ही गोष्ट खटकते ती अशासाठी की ‘स्थानिक केंद्र’ ही कल्पना या देशात आकाशवाणीनेच आणली. ३० ऑक्टोबर १९८४ रोजी तमिळनाडूतील नागरकोइल येथे तिचा पहिला प्रयोग झाला. जिल्ह्याच्या गावी छोटे केंद्र असावे, निवेदकाने गाडी घेऊन गावोगाव जावे, शेतकऱ्याच्या बांधावर ध्वनिमुद्रण करावे आणि दुसऱ्या दिवशी त्याच शेतकऱ्याला त्याचा आवाज ऐकवावा, अशी ती कल्पना होती. आमच्या पिढीने ती कोल्हापूरच्या १०२.७ वर अनुभवली. गुळाच्या सौद्याचे भाव, जोतिबाच्या चैत्र यात्रेची वर्दी, शाहू स्टेडियमवरच्या फुटबॉलचा निकाल या गोष्टी दिल्लीच्या दृष्टीने किरकोळ असतील, पण इथे त्यांच्यावर पैज लागते.

त्यानंतर कार्यक्रम विभागातली माणसे निवृत्त होत गेली, त्यांच्या जागा रिकाम्या राहिल्या, आणि रिकाम्या जागेत सहक्षेपण शिरले. देशभरच्या लहान केंद्रांची ही गोष्ट आहे. माझ्या शेवटच्या वर्षांत मी ज्या केंद्रावर जात असे तिथे अनेकदा दुपारच्या प्रसारण सभेत माझे काम एक बटण दाबून मुंबईचा कार्यक्रम जोडणे आणि तो संपला की केंद्राचे नाव सांगणे एवढेच उरले होते. एकदा एका श्रोत्याने पत्र लिहिले, ‘आपण दिवसातून चार वेळा हे अमुक केंद्र आहे असे सांगता, परंतु त्याचा पुरावा मिळत नाही.’ ते पत्र आम्ही पत्रोत्तरांच्या कार्यक्रमात वाचले नाही. वाचायला हवे होते.

हा क्रम उलटा फिरवता येतो, याचेही उदाहरण आहे. जून २०२३ मध्ये पुणे आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्त विभाग बंद करून ते काम छत्रपती संभाजीनगरकडे देण्याचे ठरले होते. पुण्याच्या सकाळी ७ वाजून १० मिनिटांच्या बातम्यांवर घड्याळ लावणाऱ्या लोकांनी आणि लोकप्रतिनिधींनी हरकत घेतली आणि तो निर्णय स्थगित झाला. पुण्याची हरकत दिल्लीला ऐकू गेली, याचा आनंद आहे. चंदगडची हरकत किती दूरपर्यंत ऐकू जाते, हा मात्र वेगळा विषय आहे. प्रसार भारतीच्या १९९० च्या कायद्यातील बाराव्या कलमात महामंडळाने शेती, ग्रामविकास, आरोग्य यांकडे विशेष लक्ष द्यावे आणि देशाच्या निरनिराळ्या प्रदेशांतील संस्कृती व भाषांना पुरेसे स्थान द्यावे, असे म्हटले आहे. कोल्हापूर जिल्ह्यातच चंदगडची बोली वेगळी, शिरोळची वेगळी आणि सीमेलगतच्या गावांत कानडी मिसळलेली. ‘प्रदेश’ हा शब्द मुंबईच्या स्टुडिओत संपत नाही.

बातम्यांविषयी थोडे स्पष्ट लिहायला हवे, कारण या विषयावर सगळेच पक्ष सोयीस्कर बोलतात. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी नाही. आकाशवाणीचे बातमीपत्र जसेच्या तसे ऐकवण्याची तेवढी मुभा आहे. सामुदायिक रेडिओलाही हेच बंधन आहे. ज्या देशात शेकडो खासगी दूरचित्रवाणी वाहिन्या दिवसरात्र बातम्यांच्या नावाखाली काहीही दाखवू शकतात आणि कोणाच्याही फोनवरून कोणतीही अफवा जिल्हाभर फिरू शकते, त्या देशात गावातल्या रेडिओने ‘काल महापालिकेच्या सभेत पाणीपट्टीवर चर्चा झाली’ एवढेही सांगू नये, याचे समर्थन करणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने सप्टेंबर २०२३ मध्ये खासगी एफएमला दर तासाला दहा मिनिटांपर्यंत बातम्या व चालू घडामोडी देऊ द्याव्यात, अशी शिफारस केली आहे. मंत्रालयाने ती स्वीकारावी, ही या पत्रातील एक विनंती आहे.

पण खासगी प्रसारकांनी या बंधनाआड लपू नये. तिसऱ्या टप्प्याच्या धोरणाने वाहतूक, हवामान, स्थानिक उत्सव, परीक्षा, नोकरीच्या संधी, वीज व पाणीपुरवठ्याच्या सूचना आणि नैसर्गिक आपत्तीचे इशारे यांना बातम्यांच्या व्याख्येतून बाहेर ठेवले आहे. म्हणजे राजाराम बंधाऱ्याची पातळी सांगायला २०१९ मध्येही कोणाची परवानगी लागत नव्हती. त्या रात्री कायदा आडवा आला नव्हता. खोलीत माणूस नव्हता, एवढेच खरे.

हे फक्त आपल्याकडे घडते असे नाही. १८ जानेवारी २००२ च्या रात्री अमेरिकेच्या नॉर्थ डाकोटा राज्यातील मायनॉट या छोट्या शहराजवळ मालगाडी रुळांवरून घसरली आणि अमोनिया वायूचा ढग वस्तीवर आला. शहरातील सहाही व्यावसायिक रेडिओ केंद्रे एकाच बड्या कंपनीच्या मालकीची होती. १९९६ च्या कायद्याने मालकीवरची मर्यादा सैल केल्यानंतर तिकडे असे एकत्रीकरण झपाट्याने झाले होते. पोलिसांनी केंद्राला फोन केले आणि बराच वेळ कोणी उचलले नाहीत. यात पोलिसांकडील आपत्कालीन यंत्रणेचाही दोष होता, असे कंपनीने म्हटले आणि त्यात तथ्य असू शकते. पण फोन वाजत राहिला ही गोष्ट त्यामुळे बदलत नाही. त्यानंतरही धडा उलटाच घेतला गेला आणि २०१७ मध्ये केंद्राचा मुख्य स्टुडिओ त्याच परिसरात असलाच पाहिजे हा तिथला जुना नियमही रद्द झाला. तिथे स्टुडिओची सक्ती निदान काही दशके होती आणि मग गेली. आपल्याकडे ती सक्ती आणण्याचा विचार झाल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही.

याउलट जपानने १९९५ च्या कोबे भूकंपानंतर तात्पुरत्या आपत्ती रेडिओची पद्धत बसवली. आपत्ती आली की तिथल्या नगरपालिकेला विनाविलंब, अगदी फोनवरच्या विनंतीवरही, कमी शक्तीचे केंद्र चालवण्याची मुभा मिळते. २०११ च्या भूकंप आणि त्सुनामीनंतर अशी सुमारे तीस केंद्रे उभी राहिली आणि ती महिनोन् महिने निवारा केंद्रातल्या माणसांना पाण्याचा टँकर कधी येणार, अंघोळीची सोय कुठे आहे, हे सांगत राहिली. शिरोळ तालुक्यात कृष्णा आणि पंचगंगा एकत्र येतात. नृसिंहवाडी, कुरुंदवाड आणि आसपासची गावे पाण्याने वेढली गेली की दिवसेंदिवस वेढलेलीच राहतात. तिथल्या एखाद्या महाविद्यालयाच्या गच्चीवर पावसाळ्याचे चार महिने असे केंद्र सज्ज ठेवता येणार नाही का? शंभर वॅटच्या यंत्राला लागणारी वीज एका लहान जनरेटरवर भागते.

सामुदायिक रेडिओची वाट यासाठी खुली आहे, हे मान्य. नोव्हेंबर २००६ मध्ये ती संस्थांसाठी मोकळी झाली. आज देशात अशी सुमारे पाचशे केंद्रे आहेत. आपल्या शेजारी माण तालुक्यात म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी आहे, जत तालुक्यात जालिहाळला येरळा वाणी आहे, आणि दुष्काळी भागातल्या बाया तिथे माइकवर येऊन बोलतात तेव्हा निवेदनाच्या शाळेत शिकवलेले सगळे उच्चारशास्त्र फिके पडते. फेब्रुवारी २०२४ च्या सुधारित धोरणाने जाहिरातीची वेळ तासाला सात मिनिटांवरून बारा मिनिटे केली आणि परवान्याची मुदत वाढवून दहा वर्षे केली. पण शंभर वॅटचा आवाज दहाएक किलोमीटरवर थांबतो. कोल्हापूर जिल्ह्याचे बारा तालुके त्यावर झाकायचे म्हटले तर किती संस्था, किती स्वयंसेवक आणि किती जनरेटर लागतील याचा हिशेब करून पाहावा. सामुदायिक रेडिओ हा जिल्हा केंद्राचा सोबती होऊ शकतो. जिल्हा केंद्र गप्प बसले म्हणून त्याची जागा त्याने भरावी, ही अपेक्षा म्हणजे अंगणवाडी सेविकेने जिल्हा रुग्णालय चालवावे असे म्हणण्यासारखे आहे.

आता नव्या गोष्टींबद्दल. ऑगस्ट २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने २३४ नव्या शहरांत ७३० खासगी वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली. त्यात लातूर, यवतमाळ, चंद्रपूर यांसारखी आपली शहरे आहेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये नियामक प्राधिकरणाने खासगी डिजिटल रेडिओची सुरुवात तेरा मोठ्या शहरांतून करावी, असे सुचवले. महानगरांना आधी डिजिटल मिळेल आणि लहान गावांना आधी लिलाव मिळेल, त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझे म्हणणे इतकेच आहे की, लातूरची फ्रिक्वेन्सी विकताना लातूरमध्ये कोण बसणार हेही त्याच कागदावर लिहून घ्या, म्हणजे आमच्यासारखे पत्र लिहिण्याची वेळ लातूरकरांवर दहा वर्षांनी येणार नाही. आमच्याकडच्या जुन्या खासगी वाहिन्यांपैकी ज्या १ एप्रिल २०१५ पासून नव्या टप्प्यात आल्या त्यांच्या परवान्याची पंधरा वर्षे २०३० मध्ये भरतात. नूतनीकरणाच्या अटी ठरवायला आजपासून लागले तरच तोवर त्या ठरतील, कारण दिल्लीत अटींना पीक यायला उसापेक्षा जास्त महिने लागतात.

त्या अटी काय असाव्यात, हे माझ्या कुवतीप्रमाणे लिहितो. शहराच्या नावाने परवाना घेतलेल्या वाहिनीने सकाळी आणि संध्याकाळी मिळून दिवसाला किमान सहा तास त्याच शहरातून, त्याच वेळी बोलणाऱ्या माणसाच्या आवाजात कार्यक्रम करावा. ध्वनिमुद्रित आवाज या सहा तासांत धरू नये. बाकीच्या अठरा तासांत कुठूनही काहीही आणावे, आमचे म्हणणे नाही. जून ते सप्टेंबर या काळात रात्रीच्या वेळीही अर्ध्या तासात स्टुडिओत पोहोचून माइक उघडू शकेल असा एक माणूस नेमलेला असावा आणि त्याचा क्रमांक जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षाच्या भिंतीवर लावलेला असावा. हे आकाशवाणीलाही लागू व्हावे. या सहा तासांच्या बदल्यात लहान शहरातील वाहिनीच्या वार्षिक शुल्कात सूट द्यावी, कारण अट घालायची आणि खर्च दुसऱ्याच्या माथी मारायचा हे न्यायाचे नाही. नव्या शहरांसाठी एकूण महसुलाच्या चार टक्के शुल्क ठरलेच आहे. स्वतःच्या गावातून बोलणाऱ्यासाठी त्याहून एक पायरी खाली उतरायला हरकत नसावी.

प्रसार भारतीने लहान केंद्रांवरच्या हंगामी निवेदकांचा प्रश्न सोडवावा. माझा स्वतःचा त्यात आता काहीही लाभ नाही, वय होऊन गेले. पण ज्या मुलामुलींना गावाची नस माहीत आहे, ज्यांना ‘कुंभी’ ही नदी आहे आणि ‘कुंभारी’ वेगळे हे सांगावे लागत नाही, त्यांना महिन्याला सहा ड्युट्यांवर वर्षानुवर्षे टांगते ठेवून केंद्र जिवंत राहत नाही.

फोनचा मुद्दाही यातलाच आहे. इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने एप्रिल २०२३ मध्ये फोन बनवणाऱ्या उद्योगाला एफएमची सोय बंद करू नये, असे सुचवले होते. सूचना ही सूचनाच राहते. एफएमला अँटेना म्हणून हेडफोनची वायर लागते आणि बऱ्याच नव्या फोनना ती लावायचे भोकच नसते. आमच्या गावातल्या दुकानदाराने मला हे समजावून सांगितले तेव्हा तो हसत होता, कारण मी त्याच्याकडे सेलवर चालणारा ट्रान्झिस्टर मागायला गेलो होतो आणि त्याने तो ठेवणे सोडून बराच काळ झाला होता.

एक जुनी आठवण लिहून आवरते घेतो. जुलै २००५ च्या पुरात एका पहाटे मी ड्युटीवर होतो. एसटीच्या आगाराने फोनवरून रद्द गाड्यांची यादी दिली आणि मी ती क्यू शीटच्या, म्हणजे कार्यक्रमांचा क्रम लिहिलेल्या कागदाच्या, मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून घेतली. वाचून झाल्यावर ड्युटी रूमचा फोन वाजला. पलीकडे एक म्हातारी बाई होती. तिचा मुलगा दुधाचा टेम्पो घेऊन गेला होता, आदल्या रात्रीपासून परतला नव्हता. मी वाचलेल्या यादीत त्याचा रस्ता होता का, एवढेच तिला विचारायचे होते. नव्हता. मी तिला तसे सांगितले आणि पुढच्या गाण्यानंतर तो रस्ता बंद आहे की सुरू हे दोन ठिकाणी विचारून पुन्हा सांगितले. रस्ता बंद होता, पण टेम्पोवाले अलीकडच्या गावातल्या शाळेत थांबले होते. तिने ते ऐकले असेल असे मी धरून चाललो.

परवान्यांच्या अटी, भरती, शिफारशींवरचा निर्णय हे सगळे वेळ घेणार, याची मला कल्पना आहे. यंदाच्या पावसाळ्यापुरती एकच गोष्ट करावी. कोल्हापूरच्या प्रत्येक केंद्राने, सरकारी असो वा खासगी, पुराच्या रात्री माइक उघडणाऱ्या एका माणसाचे नाव आणि क्रमांक १५ जूनपूर्वी जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी द्यावा. ते नाव कोल्हापुरात राहणाऱ्या माणसाचे असावे.

कळावे,

आपला,
एक श्रोता व माजी हंगामी निवेदक
करवीर तालुका, जिल्हा कोल्हापूर